खालच्या फांदीवरची तार

मी एक जुना काळा पाइन आहे. जपानी काळा पाइन, असं माझं पूर्ण नाव. माझे भाऊबंद म्हणे समुद्राकाठी वाऱ्याशी झुंजत ताडमाड वाढतात. मी मात्र तुमच्या गुडघ्यालाही लागत नाही. हसा, मित्रांनो, हसून घ्या. मला सवय आहे. उथळ कुंडीत वाढवलेल्या माझ्यासारख्या झाडाला बोन्साय म्हणतात, आणि ज्याला त्याला आम्हाला बघून आधी हसूच येतं.

पण जवळ येऊन माझी सगळ्यात खालची फांदी पाहिलीत तर हसू थांबेल. तिच्या सालीवर गोल गोल वळ आहेत, कुणी दोरी गुंडाळून आवळावी तसे. ते एका माणसाच्या हाताचे आहेत. तो माणूस आता नाही, पण त्याचा हात त्या फांदीवरून निघायला तयार नव्हता. त्याचीच गोष्ट सांगतो.

मी एका रोपवाटिकेत, काळ्या पिशवीत, बी फुटून जन्मलो. तिथून मला मिस्त्रींनी आणलं. मिस्त्री म्हणजे मोटरी दुरुस्त करणारे. जळालेल्या पंपाची, पंख्याची मोटर उघडायची, आतली करपलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हा त्यांचा धंदा. घराखालीच गल्लीत दुकान होतं. घरात मिस्त्रीणबाई आणि नोकरी करणारी एकुलती एक लेक. मला जागा मिळाली स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली.

मिस्त्रींनी पहिला पराक्रम केला तो घरातली चाळणी पळवण्याचा. तिच्यात त्यांनी मला लावलं. भोकांतून बाहेर डोकावलेली मुळं वाऱ्याने सुकतात आणि आत नवी बारीक मुळं फुटतात, म्हणून. बाईंनी दोन दिवस चाळणी शोधली आणि मग ती माझ्या बुडाखाली सापडली. त्या दिवशी त्यांनी माझं नाव बुटक्या ठेवलं. पुढे येता-जाता त्यांचं सुरूच असायचं, काय रे बुटक्या, जेवलास का, माझी चाळणी खाऊन झाली का? मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

माझी एक वरची फांदी मिस्त्रींनी वर्षानुवर्षं मोकळी सोडली होती. ती छपराला टेकली. मला वाटलं, आता मी मोठा होणार! कसलं काय. खोड जाड व्हावं एवढ्यासाठीच ती वाढवली होती. खोड हवं तेवढं भरलं आणि एका सकाळी त्यांनी करवत चालवली. बाई दारात उभ्या राहून त्यांना खूप बोलल्या. उन्हाळ्याच्या मध्यावर ते माझे कोवळे कोंब कापायचे, तेव्हाही बाईंचा जीव तुटायचा. त्या उभ्या, फिकट कोंबांना मिस्त्री मेणबत्त्या म्हणायचे. त्या कापल्या की झाड पुन्हा फुटतं आणि नव्या सुया, म्हणजे आमची पानं, आखूड आणि दाट येतात. "हा रागावला की दुप्पट नेटानं कामाला लागतो," ते म्हणायचे, "तुझ्यासारखाच." बाई फणकाऱ्याने आत जायच्या आणि आतून भांड्यांचा आवाज जरा मोठा यायचा.

अखेर मला टवका उडालेली एक उथळ कुंडी मिळाली. दर रविवारी सकाळी मिस्त्री ती थोडीशी फिरवायचे, म्हणजे सगळ्या अंगांना ऊन मिळतं. टवका कधी भिंतीकडे, कधी रस्त्याकडे, कधी दाराकडे. ते शीळ घालायचे, पण तोंडातून सूर निघायचा नाही, नुसती हवा. माझ्या सुयांना ती हवा लागायची.

मग ती थंडी आली. माझी खालची फांदी हट्टाने वर बघत होती. जुन्या झाडाची फांदी वजनाने खाली येते, तशी ती मिस्त्रींना हवी होती. त्यांनी दुकानातली जाड तार जाळात तापवून मऊ केली आणि फांदीभोवती गुंडाळली. मग दोन्ही अंगठे लावून फांदी खाली आणली. सावकाश, थांबत थांबत. माझी साल कुरकुरली की ते थांबायचे. लेक शेजारी उभी होती. तिला ते म्हणाले, उन्हाळाभर फांदी फुगेल, तार रुतायला लागली की लगेच काढायची. तिने विचारलं, तार काढल्यावर फांदी अशीच राहते का? ते म्हणाले, कधी राहते, कधी उसळून परत वर जाते. झाडाच्या मनात काय असेल ते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मिस्त्री भरदुपारी दुकान बंद करून वर आले. छातीत जळजळतंय म्हणाले, आडवे झाले आणि उठलेच नाहीत.

मित्रांनो, घरातून माणूस जातो म्हणजे काय होतं, ते मला गॅलरीतून कळलं. बाई बोलायच्या थांबल्या. ताट पुढे यायचं आणि तसंच परत जायचं. माझं पाणी लेक घालायची. मिस्त्रींची पक्कड आणि तार कापायचं कटर गॅलरीतल्या खिळ्याला लटकत होती, आणि वारा आला की दोन्ही भिंतीवर टकटक करायची. त्या आवाजाने बाई दचकून बाहेर यायच्या, मी दिसलो की परत जायच्या.

एका रविवारी लेक सकाळी लवकर उठली. हातांना सवय असते, बघा. वडिलांचं राहिलेलं काम म्हणून तिने माझी कुंडी फिरवली आणि अंघोळीला गेली. थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या. टवका काल रस्त्याकडे होता, आज दाराकडे. त्या बघतच राहिल्या. मग माझ्यासमोर खाली बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या,

"अहो, आलात?"

मी बुटक्या होतो, मित्रांनो. अरे-तुरेतला. माझ्या सुया शहारल्या. बाईंनी तार गुंडाळलेल्या फांदीवर हात ठेवला. तांबं उन्हाने कोमट झालं होतं. त्यांना ते हाताच्या उबेसारखं वाटलं असणार. दारात लेक टॉवेल घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. सांगायला तिने तोंड उघडलंही, पण आईचा चेहरा बघून मिटलं. त्या दिवशी बाई पोटभर जेवल्या.

मग काय, दर रविवारी तेच. लेक गुपचूप कुंडी फिरवायची, बाई येऊन टवका शोधायच्या. चहाचा एक कप माझ्याशेजारी येऊ लागला. घरातल्या साऱ्या गोष्टी मला ऐकू यायला लागल्या: दुकानाला कुलूप कोणतं लावलं, नळ कसा गळतोय, लेक किती वाळलीय. सगळं अहो-जाहोतून. मला तर माझीच भीती वाटायला लागली. मी रोज थोडा थोडा फुगत होतो आणि तार रोज थोडी थोडी आवळत होती. पुढे पुढे मला कळेना की हा आवळणारा अंगठा तारेचा, की खरंच त्यांचा. वारा नसताना माझ्या सुयांना हवा लागायची. असं म्हणतात की झाडांना भास होत नाहीत. म्हणोत बापडे.

त्या उन्हाळ्यात मेणबत्त्या कुणी कापल्या नाहीत. सुया लांबच लांब वाढल्या. खालच्या फांदीवर तार सालीत उतरली. उन्हाळा सरताना फांदीच्या टोकाच्या सुया पिवळ्या पडल्या. लेकीने ते पाहिलं आणि खिळ्यावरचं कटर काढलं. बाई आतून धावतच आल्या.

"हात लावू नकोस. त्यांनी बांधलीय, तेच सोडतील. कुंडी फिरवतात, मग तार सोडायला नाही यायचे?"

लेकीच्या हातातलं कटर तसंच राहिलं. तिने आईच्या सुखासाठी कुंडी फिरवली होती, आणि आता त्याच कुंडीपायी वडिलांचं झाड तिच्या डोळ्यांदेखत मरत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला तोंड कुठलं? मी फक्त पिवळा पडू शकत होतो, तेवढा पडत होतो.

पुढच्या रविवारी लेकीने कुंडी फिरवली नाही. ती बाईंची वाट बघत माझ्याशेजारी बसून राहिली. बाई कप घेऊन आल्या, टवका जागच्या जागी दिसला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आई," लेक म्हणाली, "कुंडी मी फिरवत होते."

बाईंनी टवक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

बाईंनी कपातला चहा मोरीत ओतला, कप धुऊन पालथा घातला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. लेक दाराबाहेर बसून रडली. मला वाटलं, झालं, आता माझ्याकडे कुणी फिरकणार नाही. आणि सांगू का, त्या दिवसभर माझ्या सुयांना हवासुद्धा लागली नाही. इतकं एकटं मला करवत चालली तेव्हाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई स्टूल घेऊन माझ्यासमोर बसल्या. लेकीला हाक मारून खिळ्यावरचं कटर मागितलं. हातात घेतलं, पण हात पुढे होईना.

"तार काढली आणि फांदी परत वर गेली तर?" त्या म्हणाल्या. "मग त्यांचं काय राहिलं गं इथं?"

लेकीने आईच्या पाठीवर हात ठेवला.

तार उलगडायची नसते, तुकडे करून काढायची असते, नाहीतर साल सोलून निघते. लेक दाखवत गेली, बाई कापत गेल्या. एकेक तुकडा फरशीवर टणकन पडत होता. काही ठिकाणी तार इतकी रुतली होती की टोकदार चिमट्याने उपसावी लागली. दुखलं. पुष्कळ दुखलं. शेवटचा तुकडा खोडाजवळ होता. तो कापताना बाईंनी दुसऱ्या हाताने फांदी खाली दाबून धरली होती. तार सुटल्यावरही त्यांनी हात सोडला नाही.

मग बाईंनी एकेक बोट उचललं.

मी तुम्हाला खरं सांगतो, मित्रांनो. आम्हा पाइनांना वरच जायचं असतं. मी काही मोठेपणा दाखवून फांदी खाली धरून ठेवली नाही. पण ती वर गेलीच नाही. जशी मिस्त्रींनी दोन अंगठ्यांनी ठेवली होती तशीच राहिली, कुठेही न बांधलेली. लाकूडच तसं झालं होतं.

बाईंनी फांदीला खालून हात लावून पाहिला, वरून पाहिला. मग पदर तोंडाला लावून त्या रडल्या. ते गेल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. बऱ्याच वेळाने डोळे पुसत त्यांनी कुंडीला हात घातला आणि भरदिवसा, सोमवारी, टवका उन्हाकडे फिरवला.

"चल बुटक्या," त्या म्हणाल्या. "त्या अंगाला ऊन लागू दे."

फांदीचं टोक मेलं, ते लेकीने कापलं. मागून नवा कोंब फुटला. आता मेणबत्त्या बाईच कापतात, मला शिव्या घालत कापतात.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याला वळण लावताना बांधावं लागत असेल, तर बांधा. पण सोडायची वेळ लक्षात ठेवा. आणि बांधणारा माणूसच राहिला नाही, तर त्याच्यासाठी तुम्ही सोडा. माझ्या खोडाजवळ तारेचा एक बारीक तुकडा निघालाच नाही. साल त्याच्यावर बंद झाली आहे आणि तो दिसत नाही. पण उन्हाळ्यात मी फुगायला लागलो की तो आतून अंगठ्यासारखा दाबतो. टोचतो. टोचू दे.