दुसऱ्या गिअरची करकर

मी कडी बोलतेय. दाराची कडी नव्हे. ती चारचौघांत मिरवते, आल्यागेल्याचा हात तिला लागतो. मी पितळेची, बांगडीएवढी, बाहेरून बारीक दात असलेली आणि आतून चरे पाडलेली कडी. एका ठेंगण्या, दोनच माणसं बसतील अशा स्पोर्ट्स कारच्या गिअरबॉक्समध्ये, दुसऱ्या गिअरला चिकटून माझं उभं आयुष्य गेलं. त्या पेटीत काळोख, तेल आणि खडखडाट. उजेड कधी बघितला नव्हता, त्यामुळे तो हवासाही वाटला नाही.

माझं काम आधी सांगते, कारण ते कोणाला माहीत नसतं. गिअर बदलताना पेटीत दोन चाली एकमेकींसमोर येतात. एक इंजिनाकडची, एक चाकांकडची. दोघींचा वेग वेगळा. तशाच भिडवल्या तर दातांवर दात आपटतात आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. म्हणून मी मध्ये पडते. जी जास्त पळतेय तिला धरते, घासते, आवरते, आणि दोघी एका चालीवर आल्या की बाजूला होते. हे सगळं पापणी लवायच्या आत. लग्न जुळवणाऱ्याला नंतर कोणी विचारत नाही, तशीच माझी गत. बिनसलं की मात्र आधी माझं नाव निघतं.

माझं एक दुखणं होतं, ते मी लपवत नाही. थंडी. थंडीत गिअरचं तेल मधासारखं दाट होतं. एरवी माझे चरे तेल बाजूला सारून पकड घेतात. दाट तेलात ती पकड बसतच नाही, मी नुसती निसटत राहते. चालवणाऱ्याला वाटतं, दुसरा गिअर अडून बसला. त्याला फक्त थोडा वेळ हवा असतो. माणसं स्वतः थंडीत पांघरुणातून निघता निघत नाहीत, पण गाडी मात्र किल्ली फिरवल्याबरोबर टवटवीत लागते.

माझा पहिला मालक असाच होता. त्या काळोखात काही दिसत नाही, मी माणसं हातावरून ओळखते. गिअरच्या दांड्यातून हात थेट माझ्यापर्यंत येतो. त्याचा हात म्हणजे नुसती धसमुसळ. दुसरा पडेना की तो दांडा मुठीने हाणायचा आणि ज्यांनी मला घडवलं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. शेवटी कंटाळून त्याने गाडी विकली. आम्हा सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

मग डॉक्टर आले. दातांचे डॉक्टर. त्यांची बायको त्यांच्याच दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची, फोन घ्यायची, पेशंटना वेळा द्यायची. रोज सकाळी दोघं बरोबर निघायचे. पुढे मेकॅनिक त्यांना वहिनी म्हणायला लागला, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

"पन्नाशीनंतर लोक गुडघ्यांची काळजी करतात, आणि ह्यांनी जमिनीला टेकलेली गाडी आणली," वहिनी पहिल्या दिवशी बसता बसता म्हणाल्या.

"दोनच सीट आहेत बघ. कोणी 'आम्हालाही सोडा' म्हणणार नाही."

"माझ्या माहेरचं कोणी, असं म्हणा ना सरळ."

डॉक्टरांचा हात मला पहिल्याच थंडीत कळला. बारीक सळई दातावरून फिरवून कीड कुठे आहे ते ओळखणारा हात तो. त्यांनी दुसरा घालून बघितला, मी निसटतेय हे त्यांना लगेच जाणवलं आणि त्यांनी दांडा अलगद मागे घेतला. "थांबू या," ते म्हणाले. "अजून जागी झालेली नाही."

त्या दिवसापासून ठरून गेलं. वहिनी कप विसळून दारं लावायच्या, तोवर डॉक्टर गाडी काढून गल्लीच्या टोकाला जायचे आणि वळवून परत दाराशी आणायचे. थंडी असली की पहिल्यावरून एकदम तिसरा. मला वगळायचे. तेल जरा कोमट झालं की मग दुसरा, तोही मध्ये क्षणभर दांडा मोकळा ठेवून. दुसऱ्यांचे दात सांभाळणारा माणूस माझेही सांभाळत होता. मला कोणी इतकं जपलं नव्हतं आणि मी ते विसरलेली नाही.

त्यांना राग यायचा तो एकाच गोष्टीचा. संध्याकाळी परत येताना रोज तेच गाऱ्हाणं: आज एक जण आला, अर्धा दात गेलेला, गाल सुजलेला. "मी म्हटलं त्याला, दुखायला लागल्यावरच येता. आधी यायला काय झालं होतं?" वहिनींना ते वाक्य इतकं पाठ झालं होतं की डॉक्टरांनी सुरुवात केली की त्या त्यांच्याच आवाजात ते पुरं करायच्या. दोघं हसायचे. गाडी लहान असल्यामुळे हसू चांगलं घुमायचं.

कितीतरी थंड्या अशा गेल्या. मग एका थंडीत करकर सुरू झाली.

आधी मलाही वाटलं, तेलच असेल. पण तेल तापल्यावरही दात आपटायला लागले तेव्हा मी नीट लक्ष दिलं. हात तोच होता, तितकाच हलका. इंजिन मात्र सुटत नव्हतं. गिअर बदलताना डावा पाय क्लच तळापर्यंत दाबतो, तेव्हा इंजिन आमच्यापासून वेगळं होतं आणि मग माझ्यासारखीचं काही चालतं. आता पाय अर्ध्या वाटेवर थांबत होता. उभ्या गाडीत डॉक्टर सवडीने, मांडीवर हाताचा जोर देऊन क्लच दाबायचे. चालत्या गाडीत तेवढी सवड मिळत नाही. एवढ्याशा पितळी कडीने अख्खं इंजिन कसं आवरावं? मी धरायला जायची आणि माझेच दात सोलून निघायचे.

डॉक्टरांना हे माहीत होतं. आवाज झाला की त्यांचा हात दांड्यावर आक्रसायचा, त्यावरून मला कळायचं.

"काय झालं हो?" वहिनी विचारायच्या.

"थंडी. दुसरा गिअर त्रास देतोय."

वहिनींनी का नाही विश्वास ठेवायचा? मला थंडी बाधते हे जगजाहीर होतं. इतकी वर्षं जिचं नाजूक म्हणून कौतुक झालं, तिच्यावर खापर फोडणं अगदी सोपं होतं.

आणि खापर फोडायला गाडी कमी पडत नव्हती. उतरताना डॉक्टर डावा पाय हाताने उचलून बाहेर ठेवायला लागले. "बसकी गाडी आहे, काय करणार," ते म्हणायचे. एका संध्याकाळी वहिनींनी विचारलं, "आज दवाखान्यात ड्रिलचं पेडल उजव्या पायाकडे का घेतलंत?" तर म्हणाले, "तिकडे वायर मध्ये येते." मी खाली पेटीत बसून ऐकत होते. एक पाय दिवसेंदिवस विझत चालला होता आणि ते कळलेली, त्या माणसाखेरीज, मी एकटीच होते. मला जीभ असती तर मी बोलले असते. करकर हीच माझी बोली, आणि तिचा अर्थ त्यांनी आधीच सांगून टाकला होता.

तेल बदललं, पातळ घातलं. उपयोग शून्य. मेकॅनिक स्वतः एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "डॉक्टर, माझ्याकडे तर आवाज येत नाही."

"तुझ्याकडे येते तोवर गाडी गरम झालेली असते," डॉक्टर म्हणाले. मेकॅनिकला ते पटलं. मलासुद्धा क्षणभर पटलं असतं, इतकं ते बरोबर वाटत होतं.

थंडी सरली. ऊन तापलं, तेल पाण्यासारखं झालं, आणि करकर तशीच. आता काय सांगतात याची मला उत्सुकता होती. "थंडीत झिजली ती झिजली," डॉक्टर म्हणाले. "आता कडी बदलावीच लागणार." पण ते बदलायलाही नेईनात. पुढे ढकलत राहिले, त्यात पावसाळाही गेला.

मग तो चौक आला. भर दुपारी सिग्नलला गाडी थांबली होती, पहिला गिअर घातलेला. डॉक्टरांचा पाय क्लचवरून आपोआप वर आला आणि गाडीने पुढे उडी घेतली. समोरून एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती, हे मला मागाहून वहिनींच्या बोलण्यातून कळलं. गाडी वीतभर अंतरावर बंद पडली. बाईने बॉनेटवर जोरात थाप मारली, ती मला खालपर्यंत जाणवली. ती काय बोलली ते काचेमुळे ऐकू आलं नाही.

मग वहिनी म्हणाल्या, "आजच्या आज दाखवा गाडी. कोणाच्या तरी जिवावर बेतेल."

"हो," डॉक्टर म्हणाले. "दाखवतो."

आणि त्यांनी गाडी दाखवली.

मेकॅनिकने पेटी उघडली तेव्हा मी पहिल्यांदा उजेडात आले. दात झिजून बोथट झाले होते, आतले चरे गुळगुळीत. त्याने मला फडक्याने पुसलं, नवी कडी बसवली आणि मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडी स्वतःच घरी पोचवली. जुना पार्ट परत द्यायची त्याची शिस्त होती. "वहिनी, ही बघा तुमची चोर. थंडीने पार खाऊन टाकली. आता गिअर कसा लोण्यासारखा पडतो बघा." वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीत, घासणीच्या शेजारी एका वाटीत ठेवलं. फेकावंसं वाटलं नसेल.

दुसऱ्या दिवशी थंडीची पहिली सकाळ होती. वहिनी कप विसळत होत्या. डॉक्टरांनी गाडी काढली आणि ती गल्लीत वळली. मी कानात प्राण आणून ऐकत होते. आत नवी कडी आहे, कोऱ्या करकरीत दातांची, म्हणजे आज दुसरा वगळायचं कारण नाही. आज तरी आवाज होऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. माझ्यावरचा ठपका कायम राहिला असता, तरी चाललं असतं.

गल्लीच्या मध्यावर करकर झाली. तीच, तशीच.

वहिनींनी नळ बंद केला. परतीच्या वाटेवर पुन्हा करकर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ओल्या हाताने मला उचललं, माझ्या बोथट दातांवरून अंगठा फिरवला आणि मला मुठीत घेऊन तशाच बाहेर गेल्या. गाडी दाराशी आली होती. त्या रोजच्या बाजूला गेल्या नाहीत, डॉक्टरांचं दार उघडून जमिनीवर उकिडव्या बसल्या.

"जुनी इथे आहे," त्यांनी मूठ उघडून मला दाखवलं. "मग आत कोण ओरडतंय?"

"अगं, थंडी..." डॉक्टरांनी सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

वहिनींनी त्यांच्या डाव्या बुटावर हात ठेवला. "दाबा."

पाय अर्ध्यापर्यंत गेला, थरथरला आणि वर आला.

"पुन्हा."

"नाही जात," डॉक्टर म्हणाले. "गेल्या थंडीपासून नाही जात."

वहिनींच्या मुठीत मी घट्ट दाबली गेले. त्या रागावतील, रडतील, असं मला वाटलं. त्यांनी फक्त डॉक्टरांचं रोजचं वाक्य म्हटलं, या वेळी नक्कल न करता. "दुखायला लागल्यावरच येता. आधी यायला काय झालं होतं?"

"दुखतच नाही गं," डॉक्टर म्हणाले. "दुखलं असतं तर आलो असतो."

पुढचं सगळं मला या खिडकीतून कळलं. मोठ्या दवाखान्यात सुया टोचून तपासण्या झाल्या, नसांचा आजार निघाला. तिथला डॉक्टरही म्हणे तेच म्हणाला, आधी आला असतात तर. बरा होण्यातला तो आजार नाही, पण त्याला एवढी मोकळीक मिळाली नसती. आता उजवा पायही डाव्याच्या वाटेने चाललाय. दातांचा दवाखाना दुसऱ्या कोणाला दिला. गाडी विकली तेव्हा वहिनींनी घेणाऱ्याला बजावून सांगितलं, "थंडीत दुसरा घाईने घालू नका हं. तिला जरा वेळ द्या." तो हो हो म्हणाला आणि किल्ली घेऊन गेला. त्याच्या हाताखाली त्या नव्या पोरीचं काय चाललंय, कोण जाणे.

मी अजून वाटीत आहे. सकाळी डॉक्टर टेबलाशी बसतात, मला मुठीत घेतात आणि मी कोमट होईपर्यंत धरून ठेवतात. मग उठायची वेळ होते. वहिनी येऊन शेजारी उभ्या राहतात. मूळच्या त्या तुरुतुरु चालणाऱ्या, पण डॉक्टरांच्या दंडाला हात घातला की आपली चाल कमी कमी करत त्यांच्या चालीवर आणतात, आणि मगच दोघं खिडकीपर्यंत येतात. ते माझं काम होतं. मला जमेना झालं, त्यांना जमतंय.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरात असं काहीतरी करकरत असेल आणि कोणीतरी म्हणत असेल, थंडी आहे, होईल बरं. एकदा त्या माणसाकडे वळून बघा. मी तर निर्दोष सुटले, आणि रोज या खिडकीत बसून मला वाटतं की दोष माझाच निघायला हवा होता. कडी बदलून मिळते.