कोरडं गाठोडं

माणिकरावांच्या अंगणात इतकी माणसं जमली होती की मला चपला रस्त्यावरच काढाव्या लागल्या. मधोमध झाडफूक करणारा एक बाबा बसला होता आणि त्याच्या मांडीवर माणिकरावांच्या बायकोची, सुमनबाईंची तांबडी कोंबडी. चार दिवस तिनं दाण्याला चोच लावली नव्हती. गळ्याखाली लिंबाएवढी टणक गाठ आली होती.

वालूरच्या एसटीत मी तीस वर्षं कंडक्टर होतो. संपलेला पास दाखवणारा माणूस फार गोड बोलतो, हे मला ठाऊक आहे. त्यामुळं मी बाबाच्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघत होतो.

"ही गाठ न्हाई, माय," बाबा म्हणाला, "हे करणीचं गाठोडं हाय. करणारी उगवतीला राहती. घरात एकलीच हाय."

उगवतीला निम्मं गाव राहतं. तरी सगळ्यांच्या माना कडूबाईच्या घराकडं वळल्या. एकटी विधवा बाई, आणि ही कोंबडी पिल्लू असताना तिनंच सुमनबाईंना दिलेली. खरं सांगायचं तर माझीही मान वळली. त्याची लाज अजून वाटते.

बाबानं झोळीतल्या राखेत हात बुडवला, कोंबडीच्या गळ्यावरून फिरवला, काहीतरी पुटपुटला आणि चोचीतून ओढल्यासारखं करत एक गाठोडं वर धरलं. लाल दोरा, केस, टाचणी. बायकांनी तोंडाला पदर लावला. माणिकराव उठले.

"तिला आजच गावाबाहेर काढतो," म्हणाले. तिघं-चौघं त्यांच्यामागं निघाले.

"काका, थांबा." ही संघप्रिया, सिद्धोधन मास्तरांची मुलगी. परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं कोंबडी उचलून घेतली. "गाठ तर हाय तिथंच हाय. मग निघालं काय?"

"मूळ निघालं, पोरी. गाठ उद्या जिरंल."

संघप्रियानं गळ्याखालची दाण्याची पिशवी हलकेच दाबली. चोचीतून तपकिरी, आंबूस पाणी आलं. वास मागच्या रांगेपर्यंत गेला.

"चार दिवस दाणा इथंच सडायलाय," ती म्हणाली. "ह्यातून निघालेलं गाठोडं कोरडं कसं? त्याला राख लागली, पाणी न्हाई लागलं."

माणिकराव अर्ध्या वाटेतून मागं फिरले. मी पुढं झालो आणि झोळीतल्या राखेत कोपरापर्यंत हात घातला. आणखी तीन गाठोडी निघाली. तोच लाल दोरा, तशाच टाचण्या.

"ही कुणाच्या कोंबड्यांची, बाबा?" मी विचारलं. बाबाला एकदम गंगाखेडची गाडी आठवली.

संघप्रिया आणि सुमनबाई कोंबडी घेऊन वालूरच्या जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी जागा बधिर करून पिशवीला छोटी चीर दिली आणि गवतात गुरफटलेला हिरवा नायलॉनचा दोरा बाहेर काढला. हा दोरा सुमनबाईंच्या ओळखीचा निघाला. सोयाबीनची पोती सोडताना त्यांनीच तो उसवून अंगणात टाकला होता.

आठ दिवस कोंबडी टोपल्याखाली वेगळी ठेवली, मऊ भात भरवला. ती हिंडायला लागली तशा सुमनबाई तिला घेऊन कडूबाईच्या दारात गेल्या. मीही बरोबर होतो.

"चुकलं माजं," त्या म्हणाल्या.

कडूबाईनं कोंबडीच्या गळ्यावरचा टाका बोटानं चाचपला. "ही जगली म्हून आलीस," ती म्हणाली. "मेली असती तर मी आज कुठं असते?"

 

म्हणून सांगतो. जनावर आजारी पडलं तर दवाखाना गाठा. आणि कुणी गाठोडं काढून दाखवलं, तर शेजारच्या घराकडं मान वळवण्याआधी त्या गाठोड्याला बोट लावून बघा.