रुमाल पांढराच राहिला

साल २०२३. दसऱ्याला महिना उरला होता आणि त्या महिन्यात माझे जे व्हायचे ते झाले.

मित्रांनो, मी एक जुनी मेटॅडोर आहे. माझी पहिली बारा वर्षे कारखान्याचे कामगार वाहण्यात गेली. मग मोतीराम मिस्त्रींनी मला घेतले. ते एसटीच्या वर्कशॉपमधून नुकतेच निवृत्त झाले होते. पडेगावच्या घरासमोर, कडुनिंबाखाली, त्यांनी माझी बाकडी काढली आणि आत घर बसवले. एक घडीची खाट, पाण्याची टाकी, स्टोव्हसाठी पत्र्याचा कोनाडा. खिडक्यांचे पडदे त्यांच्या पत्नीने, मालनबाईंनी, शिवले.

शेजारी हसायचे. "मिस्त्री, घराला चाकं लावली, आता पायाला बी लावा."

"लावतो की," मोतीराम म्हणायचे. "थकू तर द्या पायांना."

दरवर्षी दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जायचो. मालनबाई पांढरी साडी नेसून पुढे बसायच्या. वाटेत कुठेतरी बाभळीच्या सावलीत मी थांबायचे, स्टोव्ह पेटायचा, पिठले व्हायचे. रात्री सगळी माझ्या पोटात निजायची आणि मला फार मोठे झाल्यासारखे वाटायचे.

निघण्यापूर्वी मात्र माझी एक परीक्षा असे. मोतीराम इंजिन सुरू करायचे आणि मालनबाई धुतलेला पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडापुढे धरून शंभरपर्यंत मोजायच्या. रुमालावर डाग पडला, तर दुरुस्ती होईपर्यंत जाणे नाही. "जिच्यात माणसं निजतात, तिचा धूर निर्मळ पाहिजे," मोतीराम म्हणत. रुमाल ते स्वतः कधी धरत नसत. मिस्त्रीचा हात काळाच, त्याला डाग कसा दिसणार?

मग मोतीराम गेले. दोन वर्षे मी झाडाखाली उभी राहिले. सायलेन्सर गंजून त्याला भोके पडली. इंजिन सुरू केले की धूर तळाच्या फळीतून आत यायचा. ऑइल जळून तो निळसर दिसायचा.

त्या वर्षी मालनबाई मुलाला म्हणाल्या, "राजेंद्रा, यंदा मला गाडीनंच जायचंय. पुढचं काय सांगावं."

राजेंद्र शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरीला होता. तो लगेच म्हणाला, "हो आई. आधी नीट करून घेऊ." त्या दिवशी मालनबाईंनी माझे पडदे काढून धुतले.

दौलताबाद रस्त्यावर कडुबाचे गॅरेज आहे. तो मोतीरामांचा चेला, त्यांना वस्ताद म्हणायचा. त्याने माझे इंजिन खोलले. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या, त्या नव्या घातल्या. नोझल साफ केले. गंजलेला पाइप कापून नवा जोडला, नवा सायलेन्सर बसवला. मग इंजिन सुरू करून त्याने ओले फडके सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरले. कुठे गळती असेल तर तिथून फुसफुस ऐकू येते. सांध्यापाशी बारीकशी आली. कडुबाने तो सांधा पुन्हा खोलला.

"वस्तादांनी कानफाडलं असतं मला," तो माझ्याशीच बोलला.

मित्रांनो, इतक्या मायेने मला मोतीरामांनंतर कोणी हात लावला नव्हता.

बाराव्या दिवशी राजेंद्र आला. माझ्या उघड्या इंजिनापाशी उभे राहून दोघे बोलले, म्हणून मला सगळे कळले.

"गंगापूरचा एक जण घेतो म्हणतो. अभय नाव त्याचं. त्याला इंजिन चांगलं पाहिजे."

कडुबा थांबला. "अन् मावशीला सांगितलं का?"

"आई सत्तरीची झाली, कडुबाभाऊ. रस्त्यात काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू? सांगितलं तर ती देईल का गाडी?"

"नाय देणार."

"मग?"

कडुबा स्वच्छ असलेला पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिला. मला वाटले, हा सांगेल. वस्तादांचे मीठ खाल्ले आहे याने.

चार दिवसांनी मालनबाई रुमाल घेऊन गॅरेजमध्ये आल्या. तिथे एक अनोळखी माणूस उभा होता.

"हे कोण?"

"पाव्हणे आहेत, आई. जुन्या गाड्या बघायचा नाद आहे त्यांना," राजेंद्र म्हणाला. कडुबा खाली बघत होता.

इंजिन सुरू झाले. मालनबाईंनी रुमाल धरला, मोजू लागल्या. त्या वेळी मला एकच वाटत होते, की जोरात खोकावे, काळा धूर ओकावा, रुमालाची चिंधी करावी. पण कडुबाने मला इतके नीट बसवले होते की मला खोकताही येईना. शंभर झाले. रुमाल पांढराच राहिला.

मालनबाईंनी तो त्या पाहुण्यापुढेच धरला. "बघा, हाय का डाग? आमच्या मिस्त्रीच्या हातची गाडी हाय. लई गुणाची. कधी रस्त्यात सोडलं नाय आम्हाला."

"नाय बाई, डाग नाय," अभय म्हणाला. "पटलं मला."

मला विकले ते मालनबाईंच्याच शब्दाने. घडी करून त्यांनी रुमाल माझ्या कोनाड्यात ठेवला. म्हणाल्या, नागपूरहून येताना लागेल. संध्याकाळी राजेंद्रने मला घरी नेले.

"आरटीओत पासिंगला नेतो," असे सांगून राजेंद्रने दुसऱ्या दिवशी मला बाहेर काढले. मालनबाईंनी फाटकातून हात केला.

आता मी गंगापूरला, अभयच्या शेताच्या कडेला विटांवर उभी आहे. माझ्यात कापसाची पोती भरतात. माझे इंजिन अभयने आपल्या दुसऱ्या गाडीत बसवले. ती रोज समोरून जाते आणि मला माझाच आवाज ऐकू येतो.

कडुबाचे गॅरेज चालू आहे. जुनी गाडी आली की तो आधी विचारतो म्हणे, "घरच्यांना सांगितलंय ना?" मालनबाईंच्या गल्लीत मात्र तो जात नाही. राजेंद्रने कडुनिंबाखाली छोटी कार आणून उभी केली आणि तेव्हा कुठे मला विकल्याचे आईला सांगितले. तिच्यातून नागपूरला नेतो म्हणाला. मालनबाई तिच्यात बसल्या नाहीत. त्या दरवर्षी एसटीने जातात.

मित्रांनो, जुन्या गाड्या विकाव्या लागतात, हे मलाही कळते. विका. पण जिची आहे तिला सांगून विका. ती रडेल, भांडेल, चार दिवस जेवणार नाही. ते सोसा.

मालनबाई एकदा आल्या होत्या, गंगापूरच्या जीपमधून, एकट्याच. इंजिनाच्या रिकाम्या जागेकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. पोती सरकवून कोनाड्यातला रुमाल काढला, झटकला. मग मागे येऊन तो माझ्या सायलेन्सरच्या तोंडापुढे धरला आणि शंभरपर्यंत मोजले.

रुमाल घेऊन त्या गेल्या.