सांध्यातला ठिपका

प्रमोदनं तुटलेल्या सळीचे दोन्ही तुकडे खिडकीशी नेले आणि भिंग डोळ्याला लावलं. सळी बरोबर सांध्यावर तुटली होती. कडेनं सगळं लख्ख, आणि अगदी मध्यभागी मसुरीच्या डाळीएवढा काळपट ठिपका. तो स्टुलावर बसला.

सिल्वाशाजवळच्या मसाटमधल्या त्या शेडमध्ये दोन वर्षं हाच खटाटोप चालला होता. दोन वेगळ्या जातींचं टायटॅनियम; एक सळी गरगर फिरवायची, दुसरी तिच्यावर दाबायची आणि घासण्याच्या उष्णतेनंच दोन्ही एकजीव करायच्या. जेट इंजिनाच्या भागासाठी. कडेची घाण घासताना बाहेर फेकली जाते, पण मध्यभागी फिरणं जवळजवळ नसतंच. तिथं पडलेलं तिथंच राहतं. म्हणून उघडा हात लावायचीसुद्धा बंदी. अकरा जोड्या वाया गेल्या होत्या, ही बारावी आणि हातातली शेवटची. मुंबईच्या शेठनी आधीच बजावलं होतं. दोष मशीनचा निघाला तर मशीन विकायचं, सहाही माणसं घरी. माणसाचा निघाला तर तेवढा माणूस काढायचा आणि आणखी एक जोडी मागवायची.

सळ्या मशीनवर बसवायचं काम सुकदेवचं. शिरपूरकडचा, पन्नाशीचा, नुसत्या आवाजावरून दाब ओळखणारा. प्रमोदनं त्याला बोलावून ठिपका दाखवला. त्यानं बराच वेळ पाहिलं.

"कुकू व्हतं साहेब," तो म्हणाला. "सकाळे डबा उघाडा तवय दखं. बराबर मधमा."

"मग पुसलं का नाहीस?"

"देवनं कुकू कसं पुसू? माले वाटनं, तुम्हीच लायं."

"मी नाही. डबा रात्री माझ्या घरी होता," प्रमोद म्हणाला, आणि त्याला पुढं काही विचारायची गरज उरली नाही. धुऊन तयार केलेली जोडी गोदामात नको, तिथं कुणाचा भरवसा नाही, म्हणून डबा त्यानंच काल सिल्वाशाला घरी नेला होता. सकाळी सुवर्णा देवापाशी बसली होती. दोन वर्षं नवरा तोंड पाडून घरी येताना बघणाऱ्या बाईनं आणखी काय करायचं? कपाळावर लावतात तसं तिनं डबा उघडून सळीच्या टोकावर कुंकू नेमकं मधोमध लावलं असणार.

फोन वाजला. शेठच होते. प्रमोद सुकदेवला थांब म्हणाला नाही आणि जा असंही म्हणाला नाही, त्यामुळे तो दाराशीच उभा राहिला. शेठनी एवढंच विचारलं, मशीन की माणूस. प्रमोदच्या ओठांवर स्वतःचं नाव आलं होतं. मग त्याला नोकरी दिसली, क्वार्टर दिसलं, नाशिकला परत गेल्यावर सासऱ्यांसमोर बसणं दिसलं.

"माणूस," तो म्हणाला. "ऑपरेटरची चूक."

एवढं बोलायला एक श्वास पुरला, आणि स्वतःची शिसारी यायलाही तेवढाच.

सुकदेवनं पुढं येऊन पांढरे हातमोजे काढले आणि घडी करून टेबलावर ठेवले. तो भांडला असता, आईमाईवरून शिव्या दिल्या असत्या, तर प्रमोदला बरं वाटलं असतं. पण तो नुसता दारापर्यंत गेला आणि तिथून वळला.

"वहिनीले यामाधलं काही सांगू नका साहेब. तेस्नी मनपाईन लायेल व्हतं."

"नाही सांगणार," प्रमोद म्हणाला.

सांगायचा त्याचा विचार नव्हताच.