अठरावं पाणी

कालिंदीनं आपला कप वेगळा केला तेव्हा तिच्या सासूबाईंना, सत्यभामाबाईंना, मनापासून आनंद झाला.

ही सून घरात आली तीच मुळी वाद घालत. महिन्याचे चार दिवस बाजूला बसणार नाही, असं तिनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि वर, "आई, या दोन खोल्यांत बाजू आहे कुठं बसायला?" असंही विचारलं होतं. सत्यभामाबाईंच्या माहेरी तीन पिढ्यांची भिक्षुकी. वीस वर्षांपूर्वी त्यांनी तो घास गिळला, पण पचवला नाही. आणि आता चाळिशी ओलांडल्यावर सून आपणहून कप वेगळा ठेवत होती, टॉवेल वेगळ्या दोरीवर वाळत घालत होती, नखं कापायचं कटर रुमालात गुंडाळून कपाटावर ठेवत होती.

"वळण पडतंच शेवटी," असं त्यांनी पडेगावच्या त्या कॉलनीतल्या चार घरी सांगूनही टाकलं. कोडं एकच होतं. चार दिवसांचे चाळीस झाले तरी सून बाजूलाच.

"कालिंदे, तुझं काही संपायचं लक्षण दिसत नाही. डॉक्टरला तरी दाखव."

"दाखवलंय," कालिंदी म्हणाली. ते खोटं नव्हतं. फक्त सासूबाईंना वाटलं तो डॉक्टर नव्हता.

कालिंदी छावणीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, मुलगी स्वरदा पुण्याला शिकायला. ऑफिसातलं झेरॉक्सचं मशीन दुरुस्त करायला मुकुंद यायचा. बायकोपासून कधीचाच वेगळा झालेला, मशीनच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून विनोद सांगणारा माणूस. वर्षभर नुसता चहा झाला, मग फोन झाले, आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी दौलताबादला, त्याच्या मित्राच्या मळ्यातली खोली झाली. पाऊस नव्हता, त्यामुळं सीताफळं लिंबाएवढीच राहिली होती. दोघं त्यावरून हसले. त्या दुपारी काळजी कुणीच घेतली नाही. या वयात काळजी म्हणजे दिवस जाण्याचीच, आणि कालिंदीचं ऑपरेशन स्वरदाच्या पाठोपाठच झालेलं होतं.

तीन आठवड्यांनी मुकुंदचा फोन आला.

"मी रक्त दिलं होतं ना शिबिरात, त्या ब्लड बँकेतून फोन आलाय. समक्ष या म्हणतात."

"कशाला?"

"फोनवर सांगत नाहीत. परत तपासायचंय म्हणे."

"मग जा की."

"जातो," तो म्हणाला.

त्यानंतर त्याचा फोन नाही. मशीन बिघडलं तर दुसराच माणूस यायला लागला. तिनंही फोन केला नाही. तो काय सांगेल, ह्याच्यापेक्षा तो काहीच सांगणार नाही, ह्याची तिला जास्त धास्ती होती.

शेवटी ती एकटीच सरकारी दवाखान्यातल्या तपासणी केंद्रात जाऊन आली. तिथली समुपदेशक तहरीम, अठ्ठावीसेक वर्षांची, डोक्यावरची ओढणी सारखी घसरणारी. तिनं सगळं ऐकून घेतलं. एकदाही भुवई वर केली नाही, ह्याचंच कालिंदीला रडू आलं.

"बहात्तर तासांच्या आत आला असतात तर औषध देता आलं असतं, ताई. आता तपासणीच." रक्त घेतलं. दुपारी निगेटिव्ह आलं. कालिंदी उठायला लागली तर तहरीम म्हणाली, "बसा. अजून सुट्टी नाही. महिनाच झालाय. रक्तात खूण उमटायला वेळ लागतो. तीन महिने पुरे झाले की परत या. मग पक्कं."

कपाचं विचारायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, जिभेवर आलेलं तिनं गिळलं. दर डिसेंबरात कॉलेजच्या फलकावर 'एकत्र जेवल्यानं होत नाही' हे पोस्टर टाचणी टोचून कोण लावायचं? हीच. डोक्याला सगळं ठाऊक होतं. पण हाताला कोण सांगणार? जी शिवाशिव तिनं वीस वर्षांपूर्वी घराबाहेर काढली होती, ती तिच्या बोटांत दबा धरून बसलेली निघाली.

नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं. त्या रविवारपासून नव्वद दिवस म्हणजे अठरा पाणी. कॅलेंडरवर सासूबाई पाण्याच्या दिवसावर फुली मारायच्या, कालिंदी त्या फुल्या मोजायची. सहावं पाणी पहिल्या तपासणीच्या आठवड्यात गेलं. नवव्या पाण्याला घसा दुखला; ती बाथरूममध्ये कडी लावून मानेच्या गाठी चाचपत उभी राहिली. बाहेरून सासूबाई ओरडल्या, "पाणी जपून गं!" आत थेंबभरसुद्धा वापरलेलं नव्हतं. अकराव्या पाण्याला तोंड आलं. तेराव्याला वजन दीड किलो उतरलं. औषधाच्या दुकानातला माणूस म्हणाला, "बरं आहे की ताई, डाएट करताय!" मोबाइलवर ती जे जे वाचे, ते ते तिला संध्याकाळपर्यंत व्हायचं.

अठरावं पाणी मंगळवारी दुपारी दोनला आलं. दुसऱ्या दिवशी तपासणी. सकाळीच विळीवर तिचं बोट कापलं होतं. पाण्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती हंडे भरत होती आणि बोटावरची पट्टी भिजून लोंबायला लागली होती. तेवढ्यात मागच्या दारात सत्यभामाबाई ओल्या फरशीवरून घसरल्या. कपाळ चौकटीवर आपटलं. रक्ताची धार डोळ्यात उतरली.

"धर गं मला!"

कालिंदी धावत आली आणि दोन पावलांवर थांबली. नजर आपल्या बोटाकडे. मग सासूबाईंच्या कपाळाकडे. परत बोटाकडे.

"बघतेस काय? विटाळ-बिटाळ राहू दे, मी नंतर अंघोळ करीन!"

कालिंदी आत पळाली. भाजीची कॅरीबॅग हातात चढवून मनगटाला रबरबँड लावला, तेव्हा कुठं तिनं सासूला धरून उठवलं. खुर्चीवर बसवलं, जखमेवर हळद दाबली. सत्यभामाबाई एका डोळ्यानं ती कॅरीबॅग न्याहाळत होत्या. तिच्यावर कुठल्याशा साडी सेंटरचं नाव होतं.

"विटाळाला पिशवी लागत नाही," त्या म्हणाल्या.

मागच्या दारात हंडा भरून वाहायला लागला होता. पाणी वाहतंय आणि कुणी उठत नाही, असं त्या घरात आजवर घडलं नव्हतं.

"आई, मी एक रक्ताची तपासणी केलीय. उद्या परत करायचीय. एचआयव्हीची."

सत्यभामाबाई वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणाऱ्या. त्यांना अर्थ सांगावा लागला नाही.

"माझा लेक जाऊन सात वर्षं झाली."

"हो."

"म्हणजे त्याच्याकडून नव्हे."

"नव्हे."

"कोण आहे?"

"कॉलेजात यायचा. मशीनवाला."

सासूबाईंनी डोळे मिटले. हळद आणि रक्त मिळून कपाळावर कुंकवासारखं काहीतरी झालं होतं.

"आणि मी चार घरी सांगत सुटले, सून सुधारली म्हणून."

 कालिंदी मान खाली घालून पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. निघ, म्हणतील. स्वरदाला फोन लावतील.

"नळ बंद कर आधी," सत्यभामाबाई म्हणाल्या. मग लगेच, "बंद नको. दुसरा हंडा लाव. उद्या दिवसभर तू नसणार."

 सकाळी कालिंदी निघाली तेव्हा सत्यभामाबाई देवापुढं पाठमोऱ्या बसल्या होत्या. "आल्यावर नको. कळल्या कळल्या फोनवर सांग," एवढंच म्हणाल्या, तेही देवाला म्हणाल्यासारखं.

रक्त दिल्यावर कालिंदी बाकावर बसून राहिली. समोरच्या भिंतीवर पाल होती. पाल हलली तर चांगलं, असं तिनं ठरवलं; मग हलली तर वाईट, असं ठरवलं. पाल मुळीच हलली नाही. नंबर पुकारला गेला तेव्हा ती आत गेली.

तहरीमनं कागद बघितला, पेनचं टोपण लावलं. "निगेटिव्ह. तीन महिने पुरे झालेत, ताई. हे पक्कं."

"कपानं होतं का?" कालिंदीनं विचारलं.

"कशानं?"

"दोन महिने कप वेगळा ठेवलाय मी."

तहरीम हसली नाही. "मी इथं नोकरीला लागले तेव्हा अम्मीनं महिनाभर माझा टॉवेल वेगळा ठेवला होता. पढी-लिखी है, तरी. नाही होत, ताई. आणि ते गेले का ब्लड बँकेत?"

"माहीत नाही."

"बुलावा कशाचाही असतो. कावीळ असते, कधी मशीन चुकतं. आणि तेच निघालं तरी गोळ्या आहेत, फुकट आहेत, माणूस चांगला जगतो. पण यायला पाहिजे ना."

बाहेर येऊन तिनं घरी फोन लावला. "आई, काही नाही निघालं."

पलीकडून नुसता श्वास आला, लांबलचक. मग सासूबाईंचा कोरडा आवाज, "आणि त्या मशीनवाल्याचं?"

"कळलं नाही अजून."

"मग विचार की. का तेही मीच करू?" फोन बंद.

कालिंदीनं मुकुंदचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"कालिंदी? तुझं..."

"निगेटिव्ह. दोनदा."

त्यानं असा श्वास सोडला की जणू ट्यूबमधली हवाच निघाली. "चला. म्हणजे माझंही तसलं काही नाही."

दोन महिने हा माणूस तिच्या तपासणीची वाट बघत बसला होता. राग असा वर आला की तिला बाकाचा कोपरा धरावा लागला. कॉलेजात असं बोलणारी पोरं ती रोज बघायची.

"दुसऱ्याच्या हॉलतिकिटावर परीक्षा देता येत नाही, मुकुंद. मला झालं नाही म्हणजे तुला नाही, असं नसतं."

 त्याच्या मागं कुठंतरी मशीन कागद ओढत होतं, सोडत होतं.

"मला नाही जमत," तो म्हणाला. "दोनदा दारापर्यंत जाऊन आलो. आलं तर काय करू गं मी?"

"तर मी बाहेर बाकावर असेन."

"आणि मग?"

"मग पुढचं पुढं. नीट ऐक, मी लग्नाचं बोलत नाहीये, माफीचंही नाही. फक्त बाकाचं बोलतेय. उद्या साडेनऊला."

 तिकडं मशीनचा आवाज थांबला.

"कुठल्या गेटनं यायचं?" मुकुंदनं विचारलं.