पेपरावर खूण करायची नाही

पहिल्या मॉक टेस्टमध्ये मला एकशेवीसपैकी शून्य मार्क पडले. उत्तरं येत नव्हती असं नाही हं, आधीच सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, शेहेचाळीस वर्षांची बाई, शाळेतली क्लार्क, हिला वकिलीचं खूळ सुचलंच कसं!

पण सुचलं. तीन वर्षांच्या लॉची सीईटी असते, पदवी असली की बसता येतं, वयाची अट नाही. हे मला माझ्या मुलीनं, मेघानं सांगितलं आणि मी त्याच आठवड्यात फॉर्म भरून टाकला. घरात तेव्हाच जाहीर केलं, एकदाच बसणार. नाही झालं तर या घरात पुन्हा वकिलीचं नाव निघणार नाही. माझा नवरा प्रेमानंद एसटीत कंडक्टर आहे, उमरेडच्या गाडीवर. तो म्हणाला, "बोलाले काय जाते तुहं! नाही झालं तर आम्हालेच तोंड पाहा लागते महिनाभर." खरंच होतं ते. माझी जिद्दच तशी आहे, एकदा बोलले की बोलले.

तर मेघानं लॅपटॉपवर वीस मॉक टेस्ट घेऊन दिल्या. दोन तास, एकशेवीस प्रश्न, कोपऱ्यात घड्याळ उलटं धावतंय. मी वही-पेन्सिल घेऊन बसले. एक, ब. दोन, क. तीन, क. मस्त चाललं होतं. शंभरावर गेले असेन, तेवढ्यात स्क्रीन गपकन बदलली आणि मधोमध आलं, सोडवलेले प्रश्न शून्य.

मी ओरडलेच. मेघा धावत आली. वहीकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं. "आई, तू काय करून राहिली होती इतका वेळ?"

"उत्तरं लिहून राहिली होती. आता शेवटी सगळी क्लिक करणार होती."

"अगं, वहीत काहून लिहिते? तिथंच क्लिक कर ना!"

काहून लिहिते, ते तिला काय माहीत! ते माझ्या हाताला विचारायला पाहिजे.

लग्नाआधी आम्ही नागपुरातच, नंदनवन वस्तीत राहायचो, तेव्हा तिथल्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका होती. देवरावकाका चालवायचे. पोस्टात नोकरी, ड्यूटी संपली की सायकल थेट विहारापाशी. एका भिंतीशी मुलींची सतरंजी, दुसरीशी मुलांची, आणि मधे लोखंडी कपाट. त्या कपाटात होते पेपर. बँकेचे, रेल्वेचे, क्लार्कच्या परीक्षांचे, कुठून कुठून मागून आणलेले. प्रत्येकाची एकच प्रत. त्यामुळे काकांचा एकच कायदा, पेपरावर खूण करायची नाही. उत्तर वेगळ्या कागदावर लिहायचं. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरची मागची बाजू. पेपर जसा घेतला तसा कोरा कपाटात परत, कारण मागून दुसरं कोणी येणार आहे.

मी एकदा चुकून एका प्रश्नापुढे बरोबरची बारीक खूण केली. काकांनी ती खोडायला नाही सांगितली. अख्खा पेपर हातानं उतरवून आण म्हणाले. आठ पानं! आईनं भाकरी दिली ती मी डाव्या हातानं खाल्ली, उजव्यानं लिहीत होते. तेव्हा काकांचा असा राग आला होता म्हणता! आणि आज ती सतरंजी आठवली तरी जीव तुटतो. सकाळी सहाला आम्ही बारा-पंधरा पोरं तिथं असायचो. अबोली नावाची माझी मैत्रीण वेणी घालता घालता इतिहास पाठ करायची. कोणाकडे स्वतःचं पुस्तक नव्हतं आणि त्याचं कोणाला काही वाटतही नव्हतं. किती सुखाचे दिवस होते ते! पुन्हा कशानंही येणार नाहीत.

वकील व्हायचं तिथंच ठरलं होतं माझं. पण घरातून एकालाच शिकायला बाहेर पाठवता येत होतं, आणि धाकटा भाऊ अंकुश हुशार होता. मी शाळेत चिकटले, बी.ए. बाहेरून केलं. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही. मीच म्हटलं, त्याला जाऊ द्या.

बरं, समजलं म्हणून हात थोडाच ऐकतो! दुसऱ्या टेस्टपासून मी क्लिक करायला लागले खरी, पण आधी वहीत लिहायचं, मग खात्री करायची, मग क्लिक. त्यातही शंका आली की प्रश्न 'नंतर पाहू'मध्ये ढकलून द्यायचा. वेळ संपायचा आणि पन्नास-पन्नास प्रश्न तिथंच पडलेले. मेघानं वही लपवली, तर मी तळहातावर लिहायला लागले. अकरा टेस्ट झाल्या. मार्क पन्नासच्या पुढे हलेनात. परीक्षेला नऊ दिवस उरले. अकराव्या टेस्टनंतर मी लॅपटॉप बंद केला आणि मेघाला म्हटलं, राहू दे, तुझ्या कामाला घे आता.

ती मला संध्याकाळी स्कूटीवर बसवून सरळ नंदनवनात घेऊन गेली.

देवरावकाका आता चौऱ्यांशीचे. ऐकू कमी येतं, आवाज मात्र तोच. मी जयभीम केला, त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. मेघानं सगळं सांगून टाकलं, शून्य मार्कांपासून तळहातापर्यंत. मला वाटलं हसतील. ते माझ्यावर भडकलेच.

"काहून वं सरिता, तो पेपर सोडवून कोणाले द्याचा आहे तुले?"

"कोणाले नाही, काका."

"तुह्यामागं कोणी उभं आहे का?"

मी मागे वळून पाहिलं. अशी मी बावळट! मेघा तोंड दाबून हसायला लागली.

"एकच प्रत होती माह्यापाशी, म्हणून तो कायदा होता," काका म्हणाले. "दोन असत्या तर तुले म्हटलं असतं, घे, कर खराब, घरी ने. पण नव्हती. मले काय माहीत, तू त्याच्यावर जिंदगी काढशील म्हणून." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अंकुशले धाडलं तव्हा मी तुह्या बापाशी भांडाले पाहिजे होतं. नाही भांडलो. पोरगी स्वतःच नाही म्हणते, म्हटलं, जाऊ दे."

मला रडूच आलं. तीस वर्षांत हे कोणी बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही. काकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "रडू नको बाप्पा, घरी जाय अन् अभ्यास कर. नऊ दिस आहेत."

बाराव्या टेस्टला मी ज्यावर लिहायचे तो डावा तळहात ओढणीखाली दाबून बसले, फक्त माऊसचा हात बाहेर. वाचायचं, दाबायचं, पुढे. चुकलं तर चुकलं. एकशेवीसही प्रश्न झाले, मार्क एकोणसत्तर. पंधरावीला अठ्ठ्याहत्तर. परीक्षेच्या दिवशी प्रेमानंदनं रजा टाकली आणि सेंटरबाहेर उन्हात उभा राहिला. मी बाहेर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "सगळे दाबले ना?" मी म्हटलं, सगळे.

निकाल लागला, पहिल्या नाही पण दुसऱ्या यादीत नाव आलं, नागपुरातल्याच लॉ कॉलेजात.

प्रवेशाच्या दिवशी मी आणि मेघा रांगेत होतो. खिडकीतला क्लार्क तरणा पोरगा होता, मान खाली घालून काम करणारा. त्यानं फॉर्म मेघाकडे सरकवला, पेन तिच्या हातात दिला आणि मला म्हणाला, "मॅडम, मुलीची सही वर, पालकांची खाली."

"सर, मी सोबत आली," मेघा म्हणाली.

"मग विद्यार्थी कुठं आहे?"

"मी आहे," मी म्हटलं. इतकं मोठ्यानं म्हटलं की मागच्या रांगेतले वाकून बघायला लागले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, फॉर्मवरच्या फोटोकडे पाहिलं, कानापर्यंत लाल झाला. "सॉरी मॅडम. तुम्ही वर सही करा." मी केली. मग तो फॉर्म उलटसुलट करून म्हणाला, "पण पालकांचा रकाना रिकामा चालत नाही. घरचं कोणीतरी पाहिजे."

मेघानं फॉर्म स्वतःकडे ओढला, खाली सही ठोकली आणि नात्यापुढे लिहिलं, मुलगी.