अण्णांच्या नावावरची कडबाकुट्टी

आमच्या कंपनीची तीन दुकानं. शाहूपुरी, कसबा बावडा आणि गारगोटी. तिन्हीकडं माल एकच, वैरण कापायची कडबाकुट्टी मशीन. पण बिलांचे प्रोग्रॅम तीन, आणि एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ! पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी सगळं एकत्र करून द्यायचा आकडा सांगितला, तेव्हा आमचे मालक बसवेश उठूनच गेले. जाता जाता मला म्हणाले, "विद्याश्री, तू कॉम्प्युटर शिकलीयास न्हवं? फुकटातलं कायतरी बघ की."

बघितलं. महिनाभर ऑफिसात आणि घरी जेवणाच्या ताटापाशीसुद्धा लॅपटॉप घेऊन बसले. फुकटातलं सॉफ्टवेअर, अडगळीतला कॉम्प्युटर, त्यावर तिन्ही दुकानांची बिलं एका रिपोर्टात आणली. कौतुक? नाव नको. "रंग जरा भडक कर," मालक एवढंच म्हणाले.

आणि सोमवारी गारगोटीहून फोन आला. एका गिऱ्हाइकाला बटण दाबताना शॉक बसला, थोडक्यात वाचला. मे महिन्यात आलेल्या चाळीस मशीनच्या बटणात करंट उतरत होता. ती कुणाकुणाकडं गेली ते शोधून संध्याकाळच्या आत प्रत्येकाला फोन जायला हवा होता. माझ्या रिपोर्टानं मिनिटात यादी दिली. आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, त्याच महिन्यात बावड्याच्या दुकानातनं मशीन घेतलेलं. म्हणून आधी तिचं नाव शोधलं. गंगव्वा कुठंच नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

एकोणचाळीस जणांना फोन झाले. चाळिसावं गिऱ्हाईक: अण्णा.

अण्णा म्हणजे मालकांचे वडील. कंपनी त्यांनीच काढली, आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आता त्यांना फोन कुठं लावू? मागं जाऊन बघते तर तिन्ही दुकानांत सगळ्यात जास्त खरेदी अण्णांचीच! माझं टाळकंच सरकलं. हे मशीन बावड्यातनं गेलेलं, म्हणून तिथल्या गुंडूला फोन लावला.

"ताई, बोनीचं बिल अण्णांच्या नावावरच फाडतोय की आम्ही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक कुणीबी असूंदे. शकुन असतोय."

"शकुन? अरे बाबा, मशीन कुणाच्या गोठ्यात हाय ते सांग!"

"तारीख काय?"

"बारा मे."

तिकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"ताई, त्या दिवशी बोनीला तुमची अव्वाच आलती. तुम्हीच पाठवलंसा की, घरचं माणूस बोनीला बरं म्हणून."

खरंच की. मीच पाठवलं होतं.

घरी फोन लावला. उचलेना. चार वाजलेले, वैरण कापायची वेळ. पुन्हा लावला. उचलेना. तिसऱ्यांदा एकदाचा उचलला.

"अव्वा, मशीनला हात लावू नको! बटणात करंट हाय!"

"वरडालीस कशाला? ठावं हाय मला. आठ दिवस झालं, लाकडानंच बटण दाबायचं चाललंय."

"मग मला सांगायचं न्हाईस व्हय?"

"रोज जेवताना सांगितलं की. तू लॅपटॉपात बघून 'हं हं' म्हणालीस."